जोर कुणाचा?

दिवाळी अंकासाठी येणाऱ्या कथा वाचायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडं आहे. कागल, गडहिंग्लज, हातकणंगले, राधानगरी आणि कोल्हापुरातल्या पेठा, सगळीकडून तरुण मुलंमुली लिहितात आणि फाइल पाठवतात. फाइल उघडली की पहिलं वाक्य वाचायच्या आधी डोळ्यांत भरतात ते काळे, म्हणजे ठळक ठशातले शब्द. मधेच एखादा तिरका. कुठं ओळीच्या शेवटी लागोपाठ तीन उद्गारचिन्हं. कथा काय आहे हे कळायच्या आधी लिहिणाऱ्याला कुठं धास्ती वाटली ते कळतं. वाक्य पुरं पडणार नाही, वाचकाच्या ध्यानात यायचं नाही, असं जिथं वाटलं तिथं त्यानं शब्द काळा केलाय.

ही धास्ती मला समजते, म्हणूनच तिच्याविषयी सविस्तर लिहावंसं वाटतं.

कागलकडच्या एका मुलीची कथा होती. आई आणि मुलगा, सोसायटीत भरायचे पैसे, ते मधेच कुठंतरी गेलेले. आईचं वाक्य असं: ‘मी पैसे तुला दिले होते.’ यातला ‘तुला’ ठळक आणि वर तिरकाही. मुलगी समोर बसली होती. मी तिला म्हटलं, ते काळं काढून टाक आणि शब्दांच्या जागा बदलून बघ. ‘मी तुला पैसे दिले होते’ म्हटलं की पैशांवर भार येतो, दुसरं काही दिलं नव्हतं. ‘मी पैसे तुला दिले होते’ म्हटलं की भार तुझ्यावर. ‘पैसे तुला मी दिले होते’, आता देणारी पुढं आली. मराठीत क्रियापदाच्या अगदी अलीकडची जागा मानाची असते. ज्या शब्दाला तिथं बसवाल तो उठून दिसतो, त्याला वेगळा रंग लावायची गरज पडत नाही. म्हणजे तिचं वाक्य मुळातच बरोबर होतं. ‘तुला’ योग्य जागी बसलेला होता आणि तरी तिनं तो काळा केला होता.

मग मी विचारलं, “तुझी आई हे कसं म्हणेल?”

तिनं क्षणभरही विचार केला नाही. “तुझ्याच हातात दिलं न्हवं का पैसं?”

बघा काय झालं. ‘तुला’च्या जागी हात आला. हात दिसतो, त्यात पैसे ठेवलेले दिसतात. त्याला ‘च’ लागला. शेवटी ‘न्हवं का’ आलं, ज्यात प्रश्न आहे पण उत्तराची वाट नाही. वाक्य काळ्या ठशाशिवाय उभं राहिलं, आणि त्यातला सगळा जोर आईचा झाला. आधीच्या वाक्यात आई बोलत होती आणि लेखिका मागून वाचकाच्या बरगडीत कोपर मारत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. कथेतल्या प्रत्येक जोराला मालक असतो. तो जोर पात्राचा असेल तर पात्राच्या बोलण्यातून यावा, निवेदकाचा असेल तर निवेदनाच्या चालीतून. ठळक ठसा यांपैकी कुणाचाच नसतो. तो कथेच्या बाहेर उभं राहून केलेली खूण असतो.

आणि आपल्याकडं बाहेरून खूण करायची गरज तरी किती कमी पडते! ‘च’ आहे, ‘ही’ आहे, ‘तर’ आहे, ‘ना’, ‘बरं’, ‘हं’ आहेत. कोल्हापुरात त्यांत ‘की’ची भर. “येतोय की”, “खाल्लं की”, “बघ की जरा”, या ‘की’त कधी आश्वासन असतं, कधी वैताग, कधी आर्जव, आणि कोणता ‘की’ आहे हे वाक्यच सांगतं. शिवाय हिरवागार, लालभडक, काळाकुट्ट, पिवळाधमक असे जोडीचे शब्द आहेत, ज्यांच्या उत्तरार्धाचं काम जवळपास जोर देणं एवढंच. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ओवी सगळ्यांना पाठ असते: ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंहि पैजां जिंके ।’ मराठीच्या थोरवीसाठी आपण ती म्हणतो. मला तिच्यातले दोन इवले प्रत्यय दिसतात, ‘चि’ आणि ‘हि’. एकानं मराठी वेगळी काढली, दुसऱ्यानं अमृताला तिच्या खाली बसवलं. ते दोन काढून ओवी म्हणून बघा, पैज लागतच नाही. हे १२९० सालचं काम आहे, आणि आजही घराघरांत तसंच चालू आहे.

विरामचिन्हांचं मात्र तसं नाही. ती आपल्याकडं उशिरा आली. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानाचे मोडी कागद आहेत. मोडीत आधी शिरोरेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला जोडत जायचं. शब्द सुटे नाहीत, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. तरी पत्र वाचता येत होतं, कारण थांबे शब्दांतच होते. ‘ऐसियास’ आलं की आता मुद्दा येणार. ‘बहुत काय लिहिणे’ आलं की पत्र आवरलं. हुकूम असेल तर ‘जाणिजे’. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली चिन्हं मराठीत आणली आणि ‘विरामचिन्हांची परिभाषा’ नावाचं पुस्तक लिहिलं. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर सुरू झालं ते १८५० साली, म्हणजे आपल्याकडं छापील पुस्तकं वाचनालयात जाऊन वाचायची सवय आणि ही चिन्हं जवळपास एकाच काळातली. मला कँडींबद्दल कृतज्ञता वाटते. प्रश्नचिन्ह आणि अवतरणचिन्ह यांच्याशिवाय आजची कथा मी कल्पू शकत नाही. पण मराठी वाक्याला त्यांच्याआधीपासून श्वास घेता येत होता, हेही मला नव्या लेखकांना सांगावंसं वाटतं.

तिरक्या अक्षरांची गोष्ट त्याहून दूरची. व्हेनिसमध्ये आल्डुस मानुतिउस या मुद्रकासाठी फ्रांचेस्को ग्रिफो यानं हे वळण कोरलं, आणि १५०१ मध्ये व्हर्जिलच्या कवितांचं लहान आकाराचं पुस्तक त्या वळणात छापलं गेलं. अख्खं पुस्तक तिरकं. त्यात जोर वगैरे काही नव्हता, तेव्हाच्या सुबक हस्ताक्षराचं ते अनुकरण होतं. सरळ मजकुरात एखादाच शब्द तिरका करून त्याच्याकडं लक्ष वेधायची रीत रोमन लिपीत नंतर रुळली. तिथं ती शोभते, कारण तिरक्या अक्षराची घडणच निराळी असते.

देवनागरीत तसं वळण परंपरेनं घडलेलं नाही. अलीकडं काही फाँटांत तिरकं रूप मुद्दाम आखून दिलेलं असतं, पण मंगल किंवा आयआयटी मुंबईनं केलेला शोभिका घ्या, त्यांत साधं आणि ठळक अशी दोनच रूपं. तिरकं करा म्हटलं की संगणक सरळ अक्षरं नुसती एका बाजूला ढकलतो. ते जवळून बघा. शिरोरेघ आडवीच राहते, आणि तिच्याखाली काना, दंड सगळे कलतात. रफार आणि वेलांटी उजवीकडं सरकतात आणि शेजारच्या अक्षरावर झुकतात. ‘कीर्ती’ असा शब्द तिरका करून मोठा करून पाहा. डोळा अडखळतो, आणि ज्या शब्दाचा ठसा उमटायला हवा होता तोच वाचायला कठीण होतो.

तरीही तरुण लेखक तिरका ठसा वापरतात, तो बहुतेक मनातल्या विचारांसाठी. इंग्रजी कादंबऱ्यांत पाहिलेलं असतं: पात्र मनात काही म्हणालं की ती ओळ तिरकी. इंग्रजीत त्याला कारण आहे. निवेदन भूतकाळात आणि ‘तो’ धरून चाललेलं असतं, मधेच ‘मी’ आणि वर्तमानकाळ आला की वाचक गोंधळेल, म्हणून कुंपण घालायचं. मराठीला या कुंपणाची गरज नाही. आपल्याकडं दुसऱ्याचं बोलणं आणि विचार जसेच्या तसे वाक्यात घेता येतात, ‘असं’नं, ‘की’नं, आणि सगळ्यांत सुंदर म्हणजे ‘म्हणून’नं. “येतो म्हणून गेला, अजून पत्त्या न्हाई.” यात ‘येतो’ हा त्याचा शब्द, त्याच्याच तोंडचा, वर्तमानातला. ‘म्हणून’नं तो उचलला आणि बोलणाऱ्या बाईच्या वाक्यात ठेवला. अवतरणचिन्ह नाही, तिरकं काही नाही, आणि दोन माणसांचे आवाज एका ओळीत ऐकू येतात. त्याचं सहज जाणं आणि तिचं वाट बघणं. ही ओळ तिरक्या ठशात छापायला घेतली तर नेमकं काय तिरकं करायचं? ‘येतो’ केलं तर तिचा आवाज तुटतो. मी प्रत्येक नव्या लेखकाला सांगते, विचार तिरका करण्याआधी एकदा ‘म्हणून’ वापरून बघ.

शहरात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छपाई करणाऱ्या माणसांपैकी एका जुन्या जुळाऱ्याशी माझं बरंच बोलणं झालं होतं. त्यांच्याकडून समजलं ते असं. हस्तलिखितात शब्दाखाली नागमोडी रेघ असली की तो ठळक करायचा. म्हणजे हातातली स्टिक, खिळे जुळवायची पट्टी, तशीच धरून दुसऱ्या केसकडं, खिळ्यांच्या खणांच्या पेटीकडं, वळायचं, तिथून काळे खिळे उचलायचे, ते काना-मात्रेसकट जुळवायचे, आणि पुन्हा पहिल्या केसकडं यायचं. छापून झाल्यावर खिळे सोडवताना काळे आणि साधे वेगळे करायचे. एका शब्दासाठी एवढा खटाटोप. ते म्हणाले, “लेखकानं रेघ मारली की आम्ही शब्द वाचून बघायचो, खरंच पाहिजे का म्हणून. नको वाटलं तर मालकांना सांगायचो.” शब्द ठळक करायचा तर त्यावर आणखी एका माणसाची नजर पडत होती. आता कंट्रोल आणि बी दाबलं की झालं. त्या सोयीबद्दल माझी तक्रार नाही, पण तो प्रश्न, खरंच पाहिजे का, आता लेखकालाच विचारावा लागतो.

उद्गारचिन्हाचं काय करावं? कोल्हापुरात हा प्रश्न मोठाच आहे. आमच्या चौकाचौकांतले फलक बघा, वाढदिवस असो, निवड असो, पैलवानाचं यश असो, उद्गारचिन्हांची रांगच. ते योग्यच आहे. फलक रस्त्यापलीकडून हाक मारतो. आमचं बोलणंही तसं चढ्या आवाजातलं, “या की घरात” हे आमंत्रण परगावच्या माणसाला भांडणासारखं ऐकू येतं. मग हा आवाज कागदावर आणायचा तर चिन्ह नको का, असं मुलं विचारतात. माझं उत्तर असं की आवाज नेहमीच चढा असेल तर चिन्हानं त्यात काही भर पडत नाही. खरी गोष्ट घडते तेव्हा इथला माणूस आवाज खाली आणतो.

एका कथेत बाप गोठ्यातून येतो आणि घरच्यांना सांगतो, “म्हस इकली.” दिवाळीच्या पाडव्याला सजवून, शिंगं रंगवून पळवलेली म्हैस, घरातल्या सगळ्यांची. हस्तलिखितात तिथं उद्गारचिन्ह होतं. ते काढलं आणि पूर्णविराम दिला, तेव्हा तो बाप मला दिसला. उद्गारचिन्हानं तो ओरडत होता. पूर्णविरामानं तो कुणाकडंही न बघता पाय धुवायला गेला. हे पाय धुणं कथेत लिहिलेलं नव्हतं, ते त्या एका टिंबानं मला दिलं.

पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्यासह, गावोगावी कथाकथन केलं. मंचावर त्यांच्याकडं आवाज होता, हात होते, थांबून श्रोत्यांकडं बघता येत होतं. कागदावर यातलं काहीच नसतं. तरी पाटलांच्या माणसांचं बोलणं वाचताना ते कानात वाजतं, कारण ठेका वाक्याच्या बांधणीत आहे. लेखन मोठ्यानं वाचून बघावं, हा सल्ला सगळेच देतात. मी त्यात एक भर घालते: दुसऱ्याला वाचायला द्या आणि तुम्ही गप्प बसा. दुसरा माणूस तुमच्या मनातला जोर जाणत नाही. तो कागदावर असेल तेवढाच जोर देतो.

एका चिन्हावर माझं मनापासून प्रेम आहे, आणि ते हळूहळू विसरलं जातंय याचं वाईट वाटतं. अवग्रह, ऽ. संस्कृतात तो लोप पावलेल्या ‘अ’ची खूण. मराठी कथेनं त्याला दुसरं काम दिलं, स्वर लांबवायचं. “आयेऽऽ”, “आरं ये रंऽ”, “नगंऽ”. रोमन लिपीतल्या लेखकाला हेच करायचं तर तेच अक्षर चार वेळा लिहावं लागतं. आपल्याकडं एक खूण आहे, जी शब्दाचं रूप न बिघडवता आवाज लांबवते. शिवाय ती मोजता येते. बांधावरून मारलेली हाक आणि माजघरातून मारलेली हाक यांत एका अवग्रहाचं अंतर असतं. ज्या माणसानं रानातून हाक मारलेली ऐकलीय त्याला हे अंतर लगेच कळतं, आणि ज्यानं ऐकली नाही त्यालाही रान किती लांब आहे ते समजतं. फोनवर हे चिन्ह शोधावं लागतं, म्हणून मुलं मात्राच पुन्हा पुन्हा देतात, मग अक्षराशेजारी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटतं. मी त्यांना ऽ कुठं आहे ते दाखवते. कळफलकावर एकदा सापडला की ती लगेच वापरू लागतात, आणि बऱ्याच जणांची उद्गारचिन्हं आपोआप कमी होतात.

तीन टिंबांबद्दल फार बोलायचं नाही. बोलणं अर्धवट तुटलं तर ती द्यावीत, हुरहुर दाखवायला देऊ नयेत.

आता एक दुखरी गोष्ट. शाळेत शिकवतात, एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर एकेरी अवतरणचिन्ह वापरावं. नियम चांगला आहे, मी या लेखात तो पाळलाही आहे. पण कथेत त्याचा एक वापर मला सहन होत नाही. माझ्या जुन्या एका कथेत, छापून आल्यावर बघते तर, ‘लई’, ‘गुमान’, ‘इस्कोट’, ‘म्होरं’ हे सगळे शब्द एकेरी चिन्हांत घातलेले. मी घातले नव्हते. प्रमाण मराठीतले शब्द मोकळे फिरत होते आणि आमच्याकडचे तेवढे कोंडलेले. ज्या घरातली ती कथा होती त्या घरात ‘लई’ हाच साधा शब्द आहे, त्यावर कुणी जोर देत नाही. चिन्हांनी वाचकाला सांगितलं की हा शब्द परका आहे, सांभाळून घ्या. आमच्याकडं बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात, ते ‘जाते’, ‘आले’ करून येतं तेव्हाही असंच होतं. नको तिथं दिलेला जोर बोलणाऱ्या माणसाला पाहुण्यासारखं बसवतो, त्याच्याच घरात. तेव्हापासून मी कुठल्याही कथेतल्या बोलीच्या शब्दांभोवतीची चिन्हं आधी काढते. ती कथा कोल्हापूरची असो, खानदेशातली असो की मालवणी.

मजकूर आता एका जागी राहत नाही, याचाही विचार करावा लागतो. व्हॉट्सअॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका (*) दिल्या की तो ठळक दिसतो. तीच कथा कुणी तिथून उचलून दुसरीकडं चिकटवली की तारका तशाच राहतात, कथा पुरळ उठल्यासारखी दिसते. आणि आमच्या ओळखीत एक दृष्टिहीन वाचक आहेत, मराठी कथा फोनकडून ऐकतात. फोन शब्द वाचतो, पूर्णविरामाला थांबतो, प्रश्न असेल तर आवाज जरा चढवतो. शब्द ठळक आहे की तिरका, हे तो सांगत नाही. ठशावर विसंबून लिहिलेला जोर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ‘च’ पोचतो, शब्दांची जागा पोचते. हे समजल्यावर मी आलेल्या कथा आधी सगळी सजावट काढून फोनकडून ऐकायला लागले. यंत्राचा आवाज अगदी कोरा असतो, त्याला दया येत नाही. त्या कोऱ्या आवाजातही आईचं वाक्य लागलं तर ते वाक्य झालं. नाही लागलं तर लेखकाला तेवढीच ओळ परत पाठवते.

मी ठळक ठशाच्या विरुद्ध नाही. जिथं तो कथेतल्या कुणाचा असेल तिथं तो हवाच. दुकानाची पाटी, तार, देवळाबाहेरची सूचना, मुलानं पाटीवर गिरवलेलं नाव, हे कथेत आले तर जसे असतील तसे दिसावेत. सध्या मी एक कथा लिहितेय, तीत दारावर पतसंस्थेची जप्तीची नोटीस लागते. एक ओळ बाकीच्यांपेक्षा जाड, जशी खऱ्या नोटिशीत असते. घरातल्या म्हातारीला वाचता येत नाही. तिला अक्षरं कळत नाहीत, पण एक ओळ काळी आहे हे दिसतं. सून चूल सोडून दारात येते, तेव्हा म्हातारी बाकीचा सगळा कागद सोडून बरोबर त्या ओळीवर बोट ठेवते आणि विचारते, “ह्ये काय लिवलंय गं?” ती ओळ मी ठळकच ठेवणार आहे.